दोन तासांचा पहारा: लांब, कर्कश रॉक संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात दरवर्षी पारायण बसतं. सात दिवस देवळात एक वीणा उभी असते आणि ती खाली टेकवायची नाही असा दंडक आहे. एकजण ती गळ्यात घालून तार छेडत उभा राहतो. त्याची वेळ संपली की दुसरा येतो, त्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. याला पहारा म्हणतात. मी तेरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर रात्री दोन ते चारचा पहारा पहिल्यांदा केला. मंडपात माणसं घोंगडी ओढून झोपलेली, एक समई, आणि तीच ती तार. पहिला अर्धा तास पाय दुखले. मग कंटाळा आला, असा की रडू यावं. आणि त्यानंतर कधीतरी तारेचा आवाज माझ्या बोटाखालून निघून देवळाच्या दगडी खांबांतून यायला लागला. चार वाजले कसे ते कळलं नाही.

वीस वर्षांनी तीच अवस्था मला एका अमेरिकी बँडच्या ३२ मिनिटांच्या तुकड्यात भेटली. त्याआधी दोन वर्षं मी हे संगीत चुकीच्या पद्धतीने ऐकत होतो. चुकीच्या क्रमाने, चुकीच्या यंत्रावर, एकदा तर कानाला इजा होईपर्यंत. बेळगावात मला सांगणारं कुणी नव्हतं. आता ओळखीतली पोरं विचारतात, ‘दादा, हे नुसतं बडवणं आहे, यात काय ऐकायचं?’ त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. भजनाच्या टाळात वाढलेल्या माणसाला हे संगीत परकं नाही. त्याला फक्त दार कुठल्या बाजूला आहे ते दाखवावं लागतं.

काय काय लागेल

- कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. फार महागडा नको, पण खालचे, जाड सूर नीट देणारा हवा. फोनच्या छोट्या स्पीकरवर बास आणि मोठ्या ढोलाचा तळ येतच नाही. उरतो तो किरकिराट, आणि लोक त्यालाच संगीत समजून नावं ठेवतात.
- आधी उतरवून ठेवलेली फाइल किंवा सीडी. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यात रेंजचा भरवसा धरू नका.
- मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे कानबोळे.
- बसायला घोंगडी किंवा सतरंजी, पाण्याचा तांब्या.
- एक वही. ऐकताना लिहायचं नाही, नंतर लिहायचं.
- घरच्यांना आधीच दिलेली कल्पना. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण २७ व्या मिनिटाला ‘दूध उतू चाललंय, ऐकू येत नाही का?’ अशी हाक आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

१. आधी आपल्याकडचं ऐकणं आठवा

या संगीताशी पहिली गाठ पडते तेव्हा माणूस त्यात चाल शोधतो. मुखडा कुठे, अंतरा कुठे, सम कुठे. तिथे चाल जवळजवळ नसते. एकच ठोका, एकच सूर, फार तर दोन स्वरांचा झोका, आणि तो वीस-वीस मिनिटं.

पण आपण हे ऐकलेलं आहे. जागर भजनात रात्री अकराला अभंग सुरू होतात तेव्हा शब्दांकडे लक्ष असतं. पहाटे तीनला गजर चालू असतो तेव्हा? तेव्हा ‘विठ्ठल विठ्ठल’ एवढंच उरतं. पखवाज चढत जातो, टाळ दुप्पट होतो, आणि शब्दाचा अर्थ बाजूला पडून नुसता ध्वनी अंगात फिरतो. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेला गेला असाल तर चौंडकं ऐकलं असेल. एक तार, ती कधी ताणलेली, कधी सैल सोडलेली, बस्स. तेवढ्यावर रात्र निघते.

म्हणून पहिली पायरी अशी. पुढच्या वेळी पारायणात, जागरात किंवा कुठल्याही मोठ्या भजनात बसाल तेव्हा चाल सोडून द्या आणि एकाच वाद्याच्या मागे जा. समजा टाळ. टाळाचा ठणका नव्हे, ठणक्यानंतर जो कंप राहतो तो. दहा मिनिटं त्यालाच धरून राहा. हे जमलं तर अर्धं काम झालं.

भाषेची भीती तर मुळीच बाळगू नका. आपण सीमाभागातली माणसं. कन्नड भजनाला मांडी घालून बसतो आणि सगळे शब्द कळले नाहीत म्हणून उठून जात नाही. इंग्रजीचंही तसंच समजा. शिवाय यातलं बरंचसं संगीत शब्दांशिवायच आहे.

२. तंबोऱ्याजवळ बसा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझा आग्रह आहे की गाळू नका.

आपल्यापासून रेल्वेने काही तासांवर मिरज आहे. तिथे तंबोरे बनतात, आणि तिथेच किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला. त्यांची कबरही मिरजेच्या दर्ग्यात आहे. सुरेल लावलेल्या तंबोऱ्याजवळ जाऊन बसा. बेळगावात गाणं शिकवणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे जा आणि विनंती करा, ‘गाऊ नका, नुसता तंबोरा पाच मिनिटं छेडा.’ कुणी नाही म्हणत नाही, माझा अनुभव आहे.

काय होतं ते सांगतो. तंबोऱ्यावर पंचम (प), सा च्या दोन जोडीच्या तारा आणि खर्ज (खालचा सा) लावलेला असतो. गंधार, म्हणजे ग, कुठल्याही तारेवर लावलेला नसतो. पण जवारी बरोबर असेल, तारेखालचा दोरा योग्य जागी बसला असेल, तर थोड्या वेळाने गंधार ऐकू यायला लागतो. स्वच्छ, वरून तरंगत. आपल्याकडे याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेच्या कंपनात तिच्या पाचपट कंपनाचा सूर दडलेला असतो, तोच हा गंधार. विज्ञान एवढंच आहे. पण कुणी न वाजवलेला सूर पहिल्यांदा कानावर येतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो विज्ञान कळल्यावरही येतो.

आता गिटारकडे या. विजेच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवला, ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात, आणि त्यावर सा आणि प एकत्र वाजवले, तर त्या फाटण्यातून दोघांच्या कंपनांतल्या फरकाएवढा एक तिसरा सूर तयार होतो. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. फरक एक. म्हणजे हा तिसरा सूर वाजवलेल्या सा च्या बरोबर एक सप्तक खालचा सा. तोही कुणी वाजवलेला नसतो. अशा तीन-चार गिटारी, मोठ्या आवाजात, एकच सूर धरून दहा मिनिटं चालल्या की असे न वाजवलेले सूर हवेत गर्दी करतात. कधी माणसं गाताहेत असं वाटतं, कधी सनई, कधी लांबून घंटा. पहिल्यांदा मला वाटलं, ध्वनिमुद्रणात मागे कोरस असणार. नव्हता.

दोन्हीकडची माणसं प्रत्यक्षातही एकमेकांना भेटलेली आहेत. न्यूयॉर्कमध्ये ला मॉन्टे यंग हा संगीतकार १९६० च्या दशकातच तासन्‌तास एकच सूर धरून ठेवण्याचे प्रयोग करत होता. त्याच्याबरोबर व्हायोला वाजवणारा जॉन केल पुढे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये गेला आणि तो अखंड सूर रॉकमध्ये घेऊन गेला. १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले. ते अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच कुटुंबातल्या अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. ला मॉन्टे यंग, त्याची पत्नी मारियन झझीला आणि टेरी रायली यांनी त्यांचं शिष्यत्व पत्करलं. सुरेल तंबोरा लावायला बसणं हीच साधना, ही किराण्याची शिकवण तिथल्या माणसांना लगेच पटली, कारण ते आपल्या वाटेने तिथवर येऊन पोचलेले होते. मला हे कळलं तेव्हा बेळगावहून मिरजेला जाणाऱ्या गाडीत बसलो होतो, हा योगायोग अजून मनात आहे.

३. फोनची तयारी

छोटी पायरी, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया.

क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा संपता संपता पुढचा त्यात मिसळणारी सोय, बंद करा. नाहीतर एका तुकड्याचं शेवटचं मौन दुसऱ्याच्या सुरुवातीत बुडतं. शफल बंद, ऑटोप्ले बंद. आवाज सगळीकडे सारखा करणारी सोय असेल तर तीही बंद, कारण या संगीताचा जीवच मुळी अगदी हळू आणि अगदी मोठं यांच्यातल्या अंतरात आहे. फुकटच्या ॲपवर मध्येच जाहिरात येते. तिसाव्या मिनिटाला, सगळं शिगेला पोचलेलं असताना, कानात साबणाची जाहिरात वाजणं मी सोसलंय. फोन विमान मोडवर टाका. ब्लूटूथपेक्षा वायर बरी, निदान चार्जिंग संपून मध्येच तुटत नाही.

४. दहा मिनिटं, चालत चालत

बसून सुरुवात करू नका. पहिल्यांदा चाला.

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या नॉय! या दोघांच्याच बँडचा १९७२ चा पहिला अल्बम घ्या. त्यातला पहिला तुकडा, ‘हालोगालो’, दहा मिनिटांचा. ड्रमवर क्लाउस डिंगर, गिटारवर मिशाएल रोटर. ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, सरळ, कुठेही न अडखळणारा. वर गिटारी येतात-जातात, ढगांसारख्या. आपल्या दिंडीत पाऊल जसं आपोआप पडायला लागतं, आपण चालतोय हे विसरतो आणि रस्ताच मागे सरकतो, तसं इथे होतं.

पहाटे बेळगावच्या कॅम्पातल्या झाडीखालच्या रस्त्यांवर किंवा गावाकडे असाल तर बांधावरून, वाहनं नसतील तिथे चाला. एक कान मोकळा ठेवा. आठवडाभर रोज. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की ठोका ‘तोच तोच’ राहिलेला नाही. बदललेलं काहीच नसतं, तुमचे कान बारीक झालेले असतात.

५. वीस मिनिटं, बसून

कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर हा बँड. २००० सालचा त्यांचा दुहेरी अल्बम, नाव लांबलचक आहे: ‘लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन’. अर्थ साधारण असा की तुमच्या हाडकुळ्या मुठी स्वर्गाकडे अँटेनासारख्या उंच करा. एकूण चारच तुकडे, प्रत्येक १८ ते २३ मिनिटांचा. गायक नाही. गिटारी, व्हायोलिन, चेलो, दोन बास, दोन ड्रम. कार्यक्रमात मागे १६ मिलिमीटरच्या फिल्मचे प्रोजेक्टर चालवतात.

पहिला तुकडा घ्या, ‘स्टॉर्म’. आपल्याकडे जूनमध्ये पहिला वळीव संपून खरा पाऊस कसा येतो ते आठवा. आधी सह्याद्रीच्या बाजूने आभाळ नुसतं काळं होतं, वारा पडतो, मग लांबून जंगलावरून एक आवाज चालत येतो, आणि तो अंगणात पोचेपर्यंत आपण दारात उभे असतो. हे संगीत तसं येतं. एक गिटार, मग तंतुवाद्यं, मग सगळे. शिगेला पोचून ओसरतं, पुन्हा जमायला लागतं. अगदी शेवटी पियानो राहतो आणि पेट्रोल पंपावरच्या ध्वनिक्षेपकातली एक रुक्ष सूचना. ती सूचना मला आधी खटकायची. आता वाटतं, देवळातून बाहेर पडल्यावर चपला शोधताना जो बाजार कानावर येतो, तो हाच.

इथली फसगत: माणूस फक्त शिगेच्या क्षणाची वाट बघतो. मीही तसंच करायचो, पुढे ओढून ऐकायचो. ओढून ऐकलेला क्षण नुसता गोंगाट असतो. त्याच्या आधीची बारा मिनिटं तुम्ही काढलेली असतील तरच तो उघडतो. पहाटेचा काकडा ऐकायला थेट पाचला आलेला माणूस आणि रात्रभर जागलेला माणूस यांना एकच काकडा ऐकू येत नाही.

६. अर्धा तास, आणि मग दोन तास

आता मुख्य गोष्ट. स्वान्स. मायकेल गिरा याने १९८२ मध्ये न्यूयॉर्कला काढलेला बँड. सुरुवातीच्या काळात त्यांचे कार्यक्रम आवाजाच्या तीव्रतेसाठी प्रसिद्ध होते. १९९७ मध्ये बँड बंद केला, २०१० मध्ये पुन्हा उभा केला, आणि त्यानंतर जे केलं ते माझ्या मते या संगीताचं शिखर आहे: २०१२ चा ‘द सीअर’, २०१४ चा ‘टू बी काइंड’, २०१६ चा ‘द ग्लोइंग मॅन’. प्रत्येक सुमारे दोन तासांचा. यातलं बरंच संगीत आधी कार्यक्रमांतून, रोज थोडं थोडं बदलत, वाढत गेलेलं आहे. आपल्या भजनातला एखादा अभंग जसा वर्षानुवर्षं गावाच्या तोंडी बसत जातो तसं.

‘द सीअर’ याच नावाचा त्यातला तुकडा ३२ मिनिटांचा आहे. तो मी जसा ऐकतो तसा सांगतो.

रात्री साडेनऊ. घर निजलेलं. सतरंजीवर मांडी, पाठ भिंतीला. दिवा बंद. आवाज आधी ठरवून ठेवलेला, मध्ये हात लावायचा नाही. सुरुवातीला वाऱ्याच्या वाद्यांचा, घरघरीचा एक पडदा येतो, कुठल्यातरी जुन्या जत्रेसारखा. मग ठोका जमतो. गिरा ‘मी सगळं पाहतो’ एवढ्याच अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. सुरुवातीला तो सांगतोय असं वाटतं, मग विचारतोय असं, मग त्या शब्दांना अर्थच राहत नाही. पुढे सगळा बँड मिळून एकाच जागी घण घातल्यासारखा ठोकत राहतो. ठोका, मौन. ठोका, मौन. इथे मन बंड करतं. माझं पहिल्या चार वेळा याच ठिकाणी बिनसलं, उठून दिवा लावला. पाचव्यांदा मला पहारा आठवला. वडील तेव्हा कानाशी येऊन म्हणाले होते, ‘तार मोजू नको. पुढची तार एवढीच बघ.’ मी तसंच केलं. पुढचा ठोका एवढाच. थोड्या वेळाने ठोक्यांच्या मधलं मौन मोठं व्हायला लागलं. त्या मौनात मागच्या ठोक्याचा कंप होता, आणि कंपात ते न वाजवलेले सूर. छातीत काहीतरी सैल झालं. डोळ्यांतून पाणी आलं, दुःख कसलंच नव्हतं.

हेच तुमच्या बाबतीत होईल असं नाही. पण त्या कंटाळ्याच्या जागी उठू नका, एवढं नक्की सांगतो. कंटाळा हा उंबरठा आहे, आणि पहिल्या पहाऱ्यालाही तो तसाच लागला होता.

हे जमलं की ‘द ग्लोइंग मॅन’ घ्या, पूर्ण, एका बैठकीत. त्यात ‘क्लाउड ऑफ फर्गेटिंग’ आणि ‘क्लाउड ऑफ अननोइंग’ असे दोन तुकडे आहेत, दुसरा २५ मिनिटांचा. या दोन्ही प्रार्थना आहेत असं गिराने स्वतः सांगितलंय. नावं आली आहेत चौदाव्या शतकातल्या एका इंग्रजी साधनाग्रंथावरून, लेखक अज्ञात. त्या ग्रंथाचं म्हणणं असं की देव विचाराने कळत नाही, त्याच्या आणि आपल्या मध्ये न-कळण्याचा एक ढग कायम असतो. उपाय काय? एकच छोटा, शक्यतो एका अक्षराचा शब्द घ्या, मनाशी घट्ट धरा, आणि त्यानेच त्या ढगावर आघात करत राहा. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसलो. नामस्मरण याहून वेगळं काय आहे? सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या कुणा साधूने लिहिलेलं, न्यूयॉर्कच्या माणसाने गिटारीवर वाजवलेलं, आणि आमच्या गावच्या देवळात माझ्या आजीच्या ओठांवर असलेलं. मला हे एकच वाटतं. कुणाला हे मान्य नसेल तर माझा वाद नाही, पण आधी २५ मिनिटं बसून बघा.

ढोल-ताशात रमणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट. जपानच्या बोरडम्स बँडने ७ जुलै २००७ ला ब्रुकलिनमध्ये नदीकाठी ७७ ड्रमवाल्यांना गोलाकार बसवून एकत्र वाजवलं होतं. गणपतीच्या मिरवणुकीत पथक अंगावरून जाताना ज्यांचं काळीज हलतं, त्यांनी बोरडम्सपासून सुरुवात केली तरी चालेल.

७. आवाज किती ठेवायचा

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. स्वस्तातले कानात घुसणारे इअरफोन, पूर्ण आवाज, सलग दोन तास. उठलो तेव्हा कानात बारीक शिट्टी वाजत होती. रात्र गेली, शिट्टी राहिली. तिसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. शिट्टी हळूहळू गेली, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की दर वेळी जाईलच असं नाही, आणि आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून आकडे लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. अमेरिकेत कामगारांसाठी सुचवलेला एक हिशेब असा: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. दोन तासांचा अल्बम ऐकायचा तर कुठे थांबायचं ते यावरून काढा. सोपी खूण: हेडफोन लावलेला असताना शेजारी बसलेल्या माणसाचं साधं बोलणं अजिबात ऐकू येत नसेल तर आवाज कमी करा. आणि आवाज ठरवायचा तो त्या तुकड्याच्या सर्वांत मोठ्या भागावरून, सुरुवातीच्या हळू भागावरून नव्हे. माझी चूक तीच होती.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जायची संधी मिळाली तर कानबोळे न्या. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा उपयोगाचा नाही.

आमच्याकडे मोठ्या आवाजाला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. मिरवणुकीतल्या त्या भिंतींसमोर उभं राहून छाती हादरवून घेणं आणि हे ऐकणं यांत गल्लत करू नका. इथे आवाज मोठा आहे तो आतले बारीक सूर उघडण्यासाठी. बारीक सूर ऐकायला कान शाबूत लागतात.

८. आणखी काही फसगती

*नशा.* ‘हे प्यायल्याशिवाय कळत नाही’ असं सांगणारे भेटतील. नशेत वेळेचं भान जातं खरं, पण लक्षही जातं, आणि इथे सगळं काम लक्षाचं आहे. टाळकऱ्याला कुणी पाजून उभं करतं का?

*अनुभवाच्या मागे लागणं.* एकदा डोळ्यांत पाणी आलं की दर वेळी ते यावं असं वाटतं. येत नाही. मी तीन महिने त्याच तुकड्याला त्याच वेळी बसत होतो आणि रिकामा उठत होतो. मग सोडून दिलं, भात लावणीच्या दिवसांत गावी गेलो, आठवडाभर चिखलात उभा राहिलो, परत येऊन सहज लावलं आणि दार उघडं होतं. मध्ये अंतर ठेवा. आठवड्यातून एकच लांब बैठक पुरे.

*अंगात येणं.* काही जण विचारतात, हे तसंच का? माझ्या पाहण्यात फरक असा की अंगात येतं तेव्हा माणूस दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असतो, इथे तो जागा असतो, जास्तच जागा. पण श्वास कोंडायला लागला, छाती धडधडायला लागली, भीती वाटली तर लगेच हेडफोन काढा, पाणी प्या, दिवा लावा. ज्यांना अर्धशिशी, फिट्स किंवा घबराटीचा त्रास आहे त्यांनी छोट्या तुकड्यांवरच राहावं आणि एकट्याने बसू नये.

*गाडी.* चोर्ला घाटात, रामनगरच्या जंगलरस्त्यावर, कुठेही गाडी चालवताना हे लावू नका. लक्ष आत ओढून घेणारं संगीत आणि वळणाचा रस्ता यांचं जमत नाही. दुचाकीवर तर मुळीच नको.

*वाद.* घरातल्या थोरांशी ‘आमचं संगीत, तुमचं संगीत’ असा वाद घालू नका. माझ्या वडिलांना मी एकदा ‘स्टॉर्म’ शेवटापर्यंत ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून हातात धरला आणि म्हणाले, ‘पखवाज वाजवणारा चांगला आहे.’ दोन ड्रम होते ते त्यांना कळलं होतं, कारण पुढे विचारलं, ‘दुसरा उशिरा का येतो?’ मला तोवर ते ऐकू आलेलं नव्हतं.

९. चौघांनी मिळून

एकट्याने महिनाभर ऐकल्यावर चार-पाच जणांना बोलवा. एक खोली, एक बरा स्पीकर, रविवारची दुपार. नियम तीनच: सुरू झाल्यावर दार बंद, बोलायचं नाही, फोन बाहेरच्या खोलीत. संपल्यावर लगेच ‘कसं वाटलं’ विचारायचं नाही. आधी चहा. शेजाऱ्यांना वेळ सांगून ठेवा, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत हे करू नका.

१०. ऐकून झाल्यावर

शेवटचा सूर थांबला की हेडफोन लगेच काढू नका. दोन मिनिटं तसेच बसा. मग काढा आणि आणखी पाच मिनिटं काही करू नका, फोन तर नाहीच. या पाच मिनिटांत घरातले आवाज परत येतात आणि ते आधीसारखे नसतात. फ्रिजची घरघर आहे, तिला एक सूर आहे. पंख्याला दुसरा. पाऊस असेल तर पत्र्यावरचा पाऊस एकसारखा नसतो, त्यात पट्टे असतात, जवळचा आणि लांबचा. लांबून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी येते आणि ती खाली उतरत उतरत विरते.

मग वहीत लिहा. तारीख, वेळ, काय ऐकलं, आवाज किती होता, कुठे कंटाळा आला. कंटाळ्याचं मिनिट आवर्जून लिहा. माझ्या वहीत ‘द सीअर’च्या पुढे १४, १४, १६, १३ असे आकडे आहेत, मग दोन नोंदींना जागा कोरी आहे, आणि त्यानंतर २१.